जायफळाची झोप

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकं 'नाही' या शब्दाशी जन्माचं वैर धरलेली बाई उभ्या कोल्हापुरात दुसरी झाली नाही. कोल्हापूर हे काही सहजासहजी कुणाचं ऐकून घेणारं गाव नव्हे, हे लक्षात घेऊनच मी हे विधान करते आहे. दुकानदार 'शिल्लक नाही' म्हणाला की त्यांना त्याच्या फळीवर ती वस्तू दिसायला लागायची. कंडक्टरने 'जागा नाही' म्हटलं की त्या एक पाय पायरीवर ठेवून त्याला विचारायच्या, तू उभा आहेस ती मग जागा नव्हे तर काय? शिंप्याने पोलक्याला कापड पुरत नाही असं सांगितलं तर त्या त्याच्या मशीनसमोर स्टूल ओढून बसायच्या आणि कापड पुरेपर्यंत बसायच्या. शेवटी ते पुरायचंच. बाह्या जरा आखूड व्हायच्या, पण त्या आखूड बाह्या त्या अशा तोऱ्यात मिरवायच्या की पुढच्या सणाला गल्लीतल्या दोघीतिघी तशाच शिवून घ्यायच्या. एकदा आम्ही दोघी मॅटिनीला गेलो होतो. पडद्यावरच्या डॉक्टरांनी आजारी नायिकेची नाडी बघून चष्मा काढला आणि 'आता सगळं देवाच्या हातात' असं म्हटलं. अर्ध्या थिएटरने पदर डोळ्यांना लावला. आमच्या जाऊबाई मात्र पडद्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दुसरा डाक्टर बघा की. ह्यो पळपुट्या हाय." मागच्या रांगेतले लोक हसले. पण सिनेमातली ती बाई मेली याचा राग त्यांनी घरी येऊन रात्रीच्या आमटीवर काढला. दोन दिवस आमच्या जिभा पोळलेल्या होत्या.

मी त्यांना अक्का म्हणायचे. मी जयसिंगपूरची, शाळेत मास्तरीण, आवाज बेताचा. लग्न होऊन शनिवार पेठेतल्या या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं की घरात सारखं भांडण चालू आहे. मग कळलं की अक्का नुसतं बोलतायत. कोल्हापूरच्या बायका 'मी जातो, मी बघतो' अशाच बोलतात, पण अक्कांच्या तोंडून ते ऐकताना वाटायचं की या खरोखरच आता कुठंतरी निघाल्यात आणि कुणाचं तरी काही खरं नाही. अंगाने थोराड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि चालण्याचा वेग असा की मंडईत त्यांच्याबरोबर गेले की मी भाजी न घेताच दमून परत यायचे. थोरले भावजी, म्हणजे अक्कांचे यजमान, हे जगातले सर्वांत शांत गृहस्थ होते. त्यांना विचारलं की तुम्ही कधी अक्कांना नाही म्हणालात का, तर ते पेपर खाली न घेता म्हणायचे की म्हणालो होतो एकदा, लग्नाआधी, पण तो निरोप पोचला नाही.

या घरात अक्कांपुढे उभी राहू शकेल अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांना सगळे अव्वा म्हणत. अव्वा संकेश्वरकडच्या. अंगाने काडी, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, आवाज इतका बारीक की कान द्यावा लागे, आणि राग आला की मराठी संपून कानडी सुरू व्हायची. आमचं घर लिंगायताचं. अंडं हा शब्दसुद्धा स्वयंपाकघरात उच्चारायचा नाही, शाळेच्या पुस्तकात आला तरी मुलांनी तो मनात वाचायचा, असा अव्वांचा नेम होता. अक्का सून म्हणून आल्यापासून या अव्वा दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवत नसत. पोटच्या लेकी माहेरपणाला आल्या, त्यांनी हौसेनं काही केलं, तरी अव्वा ताट बघून विचारायच्या की थोरलीनं केलंय का? दोघी दिवसभर एकमेकींवर ताशेरे ओढायच्या, आणि दुपारी अक्कांनी तव्यावरची भाकरी थेट अव्वांच्या ताटात टाकली की अव्वा वाफ जिरायच्या आत तिचा पापुद्रा उचलून त्याखाली लोणी सारायच्या. त्या वेळी दोघी अगदी गप्प असत. घरात तेवढीच काय ती शांतता.

तर अशा या घरात अक्कांनी कोंबडीची पिल्लं आणली.

थंडीचे दिवस होते. नेसरीचे पाहुणे येऊन राहून गेले आणि त्यांना गाडीत बसवून द्यायला अक्का एस.टी. स्टँडवर गेल्या. पाहुण्यांची गाडी गेली. परत फिरताना त्यांना पार्सलच्या खोलीबाहेर भोकं पाडलेला एक पुठ्ठ्याचा खोका दिसला. पुण्याहून कुणा पोल्ट्रीवाल्यासाठी आलेली एका दिवसाची पिल्लं होती ती. वाटेत गाडी बिघडली, रात्रभर कुठंतरी घाटात उभी राहिली, आणि पिल्लं गारठली. ज्याची होती त्याने झाकण उघडून आत पाहिलं, नाक धरलं आणि खोका घ्यायला साफ नकार देऊन तो निघून गेला. आता तिथला हमाल तो खोका उकिरड्यावर टाकायला निघाला होता. अक्कांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की मेलेली आहेत सगळी. जगायची नाहीत.

हमालाची चूक एवढीच, की त्याने ते अक्कांना सांगितलं. "मेल्यात म्हनं," अक्का म्हणाल्या, "मग आत चिवचिव कोन करतंय, तुजा मामा?" आणि तो खोका काखोटीला मारून त्या रिक्षात बसल्या.

घरी आल्यावर त्यांनी झाकण उघडलं तेव्हा मी शेजारी होते, आणि खरं सांगायचं तर हमालाचं म्हणणं मला पटलं. पिवळी पिल्लं चित्रात असतात. ही कळकट, ओली, एकमेकांना चिकटलेली होती. कितीतरी मेलेली होती आणि उरलेली त्यांच्याच अंगावर टेकून डोळे मिटून बसली होती. काहींची मागची बाजू वाळलेल्या घाणीनं पार बंद झाली होती. एकाचे पाय दोन दिशांना फाकले होते, ते उभंच राहू शकत नव्हतं. अक्कांनी पदर खोचला, मला कोमट पाणी आणि कापूस आणायला सांगितलं, आणि न्हाणीच्या दारात बसून त्या एकेका पिल्लाचं बूड धुवायला लागल्या. बोलण्यात राक्षसीण असलेल्या त्या बाईचे हात इतके हलके चालतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. धुतलेलं पिल्लू फडक्यात टिपायचं, चोच पाण्यात एकदा बुडवायची, त्याने मान वर करून घोट गिळला की "हां, आसं" म्हणायचं आणि पुढचं घ्यायचं. फाकल्या पायांच्या पिल्लाचे पाय त्यांनी लोकरीच्या धाग्याने एकमेकांना सैलसर बांधले आणि त्याला सज्जड दम दिला, की माझ्या घरात आलायस, सरळ उभं राहायचं.

मग प्रश्न आला उबेचा. आमच्या घरात न्हाणीला लागून एक अंधारी खोली होती, बाळंतिणीची खोली. घरातली सगळी बाळंतपणं तिथं झालेली. तिथं सुंभाने विणलेली एक बाज होती. बाळंतिणीला आणि बाळाला शेक मिळावा म्हणून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, ही जुनी रीत. अक्कांनी दुसरा काहीच विचार केला नाही. खोका बाजेवर ठेवला, खाली शेगडी सरकवली, निखाऱ्यांवर राख पसरून आच बेताची केली, आणि बाळाला जुनं मऊ लुगडं लागतं म्हणून अव्वांचं एक विरलेलं इरकली लुगडं काढून त्याची दुपटी केली.

देवळातून परत आलेल्या अव्वांनी हे पाहिलं. आपली बाज, आपलं लुगडं आणि त्यात कोंबडीची पिल्लं. सुरुवातीचं सगळं कानडीत झालं. त्यातलं मला 'ब्याड, ब्याड' म्हणजे 'नको, नको' एवढंच कळलं. मग बहुधा अक्कांना नीट कळावं म्हणून त्या मराठीवर आल्या. "माजी चार लेकरं झाली त्या बाजेवर. काड ती भाईर."

अक्का म्हणाल्या, "काडतो की. चालाय लागली की काडतो."

"मरनार हाईत ती."

झालं. अव्वांनी हा शब्द वापरायला नको होता. अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, दया म्हणजे धर्म असं रोज सकाळी तुम्हीच आम्हाला सांगता, मग ती दया काय फक्त शाकाहारी लोकांसाठी असते? अव्वांपाशी याला उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की त्या निकाल देत. त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्या घरात ती कोंबडी हाईत तवर तुज्या हातचं पानीसुदीक मला न्हाय." आणि अक्कांशी बोलणंही टाकून देवघरात जाऊन बसल्या.

आता यातली मेख बघा. पिल्लं मेली असती तर अक्का हरल्या असत्या, आणि हरणं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पिल्लं जगली असती तर अव्वा त्यांच्या हातचं जेवल्या नसत्या. म्हणजे अक्का जितक्या मायेनं पिल्लं जगवणार तितका अव्वांचा उपास लांबणार. मी हे त्यांच्या नजरेस आणून दिलं तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग काय मारू व्हय त्यास्नी?"

या भांडणात खरं मरण ओढवलं ते माझं. कारण अव्वांचा स्वयंपाक आता माझ्याकडे आला. माझ्या माहेरी चपातीचा रिवाज, भाकरी मी सासरी येऊन शिकले, आणि शिकले हा शब्द मी स्वतःच्या समाधानासाठी वापरते आहे. माझी भाकरी कडेला चिरायची, मध्ये कच्ची राहायची, आणि पापुद्रा सुटण्याचा प्रश्नच नव्हता. अव्वा ती ताटात घेऊन आधी काही वेळ तिच्याकडे बघत बसायच्या. मग उरलेल्या दातांनी त्यांची लढाई सुरू व्हायची. ते चावणं स्वयंपाकघरात ऐकू यायचं आणि अक्का ओट्यापाशी अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालायच्या. अव्वांच्या पिठाला हात लावायची त्यांना बंदी, म्हणून त्या माझ्या पाठीशी उभ्या राहून दबक्या आवाजात हुकूम सोडायच्या, आधणाचं पाणी घे, मळ, अजून मळ, अगं पीठ आहे ते, घाबरतेस काय त्याला! अक्कांचा दबका आवाज म्हणजे तीन घरांपलीकडे कळायचं की धाकटीची भाकरी आजही बिघडली.

एक दिवस त्यांना ते असह्य झालं. त्यांनी दार लोटून घेऊन स्वतः एक भाकरी थापली, भाजली आणि मला म्हणाल्या की तुझी म्हणून दे. मी ताट नेलं. अव्वांनी पहिला घास तोंडात घातला, जरा वेळ तो तसाच धरला, आणि मग भाकरी हलक्या हाताने बाजूला सारून म्हणाल्या, "ही तिची हाय." त्या दिवशी त्या नुसतं ताक पिऊन उठल्या. रागावल्या नाहीत, पण तो घास त्यांनी गिळला होता हे मी पाहिलं होतं. स्वयंपाकघरात अक्काही जेवल्या नाहीत. दोन हट्टी बायका भिंतीच्या दोन बाजूंना उपाशी बसल्या आहेत आणि मधे मी माझ्या कच्च्या भाकऱ्या घेऊन उभी आहे, असा तो देखावा होता. मला दोघींचाही राग आला होता आणि दोघींसाठीही गलबलून आलं होतं.

इकडे पिल्लांचं सगळं बाळंतपणाच्या शिस्तीत चाललं होतं. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भावजींच्या ओळखीचे होते, ते एकदा येऊन बघून गेले. भले गृहस्थ होते. म्हणाले की यातली बरीच जाणार, तयारी ठेवा; ऊब द्या, स्वच्छ पाणी द्या, बारीक कणी द्या आणि दुसरं काही देऊ नका. अक्कांनी त्यांना चहा दिला, मान डोलावली, आणि ते कोपऱ्यावर वळताच म्हणाल्या की बिनलग्नाचा आहे तो, त्याला बाळंतपणातलं काय कळतं. जन्मलेल्या जिवाला घुटी नको का? मग सहाण निघाली. वेखंड, सुंठ, हळकुंड, मुरडशेंग, बदाम, जायफळ, सगळं पाण्यात उगाळलं गेलं. आमच्या घरातली लहान मुलं ज्या घुटीवर वाढली तीच घुटी बोंडल्यातून थेंब थेंब त्या पिल्लांच्या चोचीत गेली. एखादं पिल्लू मान फिरवायला लागलं की अक्का त्याला भावजींचं उदाहरण द्यायच्या, की तेही लहानपणी अशीच तोंडं वाकडी करायचे, आणि बघ, आता काही दिलं तरी खातात.

त्याच दिवशी दुपारी शाळेतून आले तर घर सुन्न. बाळंतिणीच्या खोलीच्या दारात भावजी उभे होते आणि अक्का बाजेपाशी जमिनीवर बसल्या होत्या. मी वाकून पाहिलं. सगळी पिल्लं माना टाकून पडली होती. एकाची मान दुसऱ्याच्या पाठीवर, एकाचे पंख पसरलेले, पायाला लोकर बांधलेलं ते लंगडं पार उताणं. सकाळी टुणटुण उड्या मारणारी पिल्लं, आता एकही चिवचिव नाही. अक्का काही बोलत नव्हत्या. त्यांना गप्प बसलेलं मी त्याआधी फक्त अव्वांच्या जेवणाच्या वेळी पाहिलं होतं, पण ते गप्प बसणं निराळं होतं. आता त्यांचे दोन्ही हात मांडीवर उलटे पडले होते. भावजी म्हणाले की मी परसात खड्डा काढतो, आणि कुदळ घेऊन कढीपत्त्याच्या झाडाकडे गेले. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः होऊन एखादं काम अंगावर घेतलं होतं.

कुदळीचे घाव ऐकू यायला लागले तशा अव्वा देवघरातून बाहेर आल्या. त्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबल्या. आत आल्या नाहीत, पिल्लांकडे त्यांनी पाहिलंही नाही. खाली ठेवलेली सहाण त्यांनी उचलली, नाकापाशी नेली, आणि इतक्या दिवसांचा अबोला मोडून अक्कांना विचारलं, "जायफळ किती उगाळलंस गं?"

अक्का म्हणाल्या, नेहमीएवढंच, आपल्या पोरांना द्यायचो तेवढं.

"पोरं एवढी," अव्वांनी हात लांब करून दाखवला, "आनि ही एवढी. मेल्याली न्हाईत ती. झोपल्यात. त्याला सांग, खड्डा बुजीव." आणि परत देवघरात जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

अक्का उठल्या नाहीत. मीही तिथंच बसले. भावजी कुदळ हातात धरून उंबऱ्यात बसले. खड्डा बुजवावा की ठेवावा याचा त्यांचा निर्णय होत नव्हता. असा बराच वेळ गेला. उन्हं उतरायला लागली. मग त्या ढिगातलं एक पाऊल हललं. लोकर बांधलेलं. त्या लंगड्याने एक डोळा उघडला, आम्हा तिघांकडे बघितलं, आणि जांभई दिली. कोंबडीची पिल्लं जांभई देतात की नाही हे मला डॉक्टरांना विचारायचं होतं, पण मग घुटीचं सांगावं लागलं असतं. एकेक करून सगळी उठली आणि भुकेने असा गलका केला की भावजींनी आनंदाने कुदळ टाकली ती नेमकी स्वतःच्या पायावर. अक्का हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, "अव्वा बोलल्या गं माज्याशी." पिल्लं जगली यापेक्षा त्यांना ते मोठं वाटत होतं.

मात्र जेवणाचा निकाल कायम होता. अव्वांनी शब्द मागे घेतला नाही आणि अक्कांनी पिल्लं हलवली नाहीत. फक्त देवघराच्या बंद दारातून आता मधूनमधून सूचना यायच्या. शेगडीवर राख जास्त टाक, धूर कोंडतोय. त्या लंगड्याला आधी दे, बाकीची त्याला खाऊ देत नाहीत. सूचना देताना अव्वा नाव कुणाचंच घेत नसत, जणू देवाशीच बोलत होत्या.

पिल्लं वाढली, परसात हिंडायला लागली, आणि गल्लीला अचानक आमच्याबद्दल आपुलकी वाटायला लागली. कधी घरी न आलेली माणसं 'पिल्लं कशी आहेत' म्हणून चौकशीला यायची, त्यांना उचलून मांडीपाशी चाचपून बघायची आणि समाधानाने मान हलवायची. गाव कोल्हापूर, पांढऱ्या रश्श्याचं स्वप्न लोकांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत असे. शेजारच्या चाची स्वतः कोंबड्या पाळायच्या. त्यांनी एक दिवस कुंपणावरून नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाभी, ये सगळे नर हाईत. तुरे बघा की. ह्यांची अंडी न्हाई मिळायची तुमाला." यावर अक्का म्हणाल्या की मिळाली असती तरी आम्ही काय केलं असतं त्यांचं? चाचींना हे पटेना. अंडं देत नाही, कापायचं नाही, मग पाळायचं कशाला? अक्कांनी आपल्या चारही दिशांना पसरलेल्या संसाराकडे एकवार पाहून विचारलं, "नवरा कशाला पाळलाय मी? त्यो अंडी देतोय व्हय?" आत पेपर वाचणाऱ्या भावजींनी पान उलटलं.

पण एकांतात त्या मला म्हणाल्या, "अव्वा वाळत चालल्यात गं. तुजी भाकरी न्हाय सोसत त्यास्नी." आणि पहिल्यांदाच त्यांनी माघार घ्यायचं ठरवलं. शाहूवाडीकडचा एक ओळखीचा शेतकरी डालगं घेऊन आला. कोंबडे बघून त्याचा चेहरा खुलला. अक्कांनी विचारलं, कापणार तर नाहीस ना? तो बिचारा सरळ माणूस, म्हणाला, न्हाय तर काय पुजू व्हय, वैनी? अक्कांनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि रिकामं डालगं त्याच्या डोक्यावर ठेवून परत पाठवलं. माघार तेवढ्यावरच संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार वारं सुटलं होतं. अव्वा पूजेला बसल्या होत्या. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्या बसल्या की पूजा संपेपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. देवघराचं दार त्या दिवशी नीट लागलं नव्हतं. लंगडं आता पोरवयाचं झालं होतं, पण बाकीच्यांच्या निम्मंच. पाय सरळ झाले तरी चालणं खुरडतंच होतं. ते उंबरा चढून आत गेलं, थंडीने फुगून इकडंतिकडं बघितलं, आणि सरळ अव्वांच्या मांडीत शिरून बसलं. आम्ही दोघी दारात थिजलो. अक्का पुढे जाणार तोच अव्वांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. अक्का थांबल्या. पूजेचा एकही मंत्र गळला नाही, घाई झाली नाही. लिंग गळ्यातल्या चांदीच्या डबीत, चौक्यात, परत गेलं, विभूती लावून झाली, आणि मग अव्वांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत ते पिल्लू उचललं.

"गार पडलंय ह्ये," त्या म्हणाल्या. "शेगडी इजली काय?"

अव्वांनी पिल्लाला पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, "आता मीच शिवलो ह्येला. तुजा हात निराळा न् माजा हात निराळा, आसं कुठं ऱ्हायलं? जा, भाकरी टाक. धाकटीचं खाऊन दात गेलं माजं."

अक्का म्हणाल्या, "तुमी लई हट्टी हाईसा."

"आनि तू?"

त्या दिवशी अक्कांनी किती भाकऱ्या केल्या कोण जाणे. अव्वा वाफ जिरायच्या आत पापुद्रा उचलून लोणी सारत होत्या, आणि लंगडं त्यांच्या ताटापाशी कणी टिपत होतं. घरात कुणी बोलत नव्हतं.

ते कोंबडे आमच्याकडेच म्हातारे झाले. पहाटे आरवायचे तेव्हा सगळी गल्ली आम्हाला शिव्या द्यायची आणि अव्वा म्हणायच्या की पूजेला उठवतात, पुण्यवान आहेत. पुढे एकेक गेला. लंगडं सगळ्यांच्या मागं राहिलं. मग अव्वाही गेल्या. त्यांचा शेवटचा घास अक्कांच्या हातचा, दुधात कुस्करलेल्या भाकरीचा होता. भावजी गेले. बाळंतिणीच्या खोलीत आता गॅसची टाकी असते.

शेवटच्या आजारात अक्कांना डॉक्टरांनी सांगितलं की आता फार दिवस नाहीत. त्यांनी डॉक्टर बदलला. तोही तेच म्हणाला, तर त्यालाही बदलला. सुना चांगल्या होत्या, मऊ भात करून आणायच्या, पण अक्का तोंड फिरवायच्या आणि म्हणायच्या, धाकटीला बोलवा. माझी भाकरी अजूनही कडेला चिरते. पहिला घास घेऊन त्या दर वेळी म्हणायच्या, "कच्ची हाय," आणि सगळी खायच्या. एकदा मी ताट घेऊन गेले तर त्या मान टाकून अशा निपचित पडल्या होत्या की मी ताट तिथंच खाली ठेवलं. मी वाकून बघायला लागले तोच एक डोळा उघडला. "बगतीस काय?" त्या म्हणाल्या. "मेलो न्हाई. झोपलोय. भाकरी आनलीस?"

नंतर एका सकाळी मी ताट घेऊन गेले तेव्हाही त्या तशाच पडल्या होत्या. मी हाक मारली. कपाळावर हात ठेवला. मग ताट झाकून बाजेच्या काठावर बसले. बाहेरून थोरल्या सुनेने विचारलं की कशा आहेत, मी म्हटलं, झोपल्यात. थोड्या वेळाने पोरं आली, कुणी नाडी बघितली, कुणी रडायला लागलं, कुणी म्हणालं की काकी, उठा आता, काही राहिलेलं नाही. मी नाही म्हटलं. अक्कांच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर एवढं 'नाही' तर मला म्हणता यायलाच हवं होतं. उन्हं उतरेपर्यंत मी तिथून हलले नाही. भाकरी गार झाली होती, आणि त्या दिवशी, कधी नव्हे तो, तिचा पापुद्रा सुटला होता.